शाळेत परतण्यासाठी काय लागते: संमतीपत्र, एसटीचा पास, घरचा अभ्यास आणि ऊसतोडीला जाणाऱ्या मुलांचे हमी कार्ड

करोनाच्या साथीत शाळा बंद राहिल्यानंतर ४ ऑक्टोबर २०२१ पासून ग्रामीण भागात पाचवी ते बारावी आणि शहरी भागात आठवी ते बारावीचे वर्ग भरू लागले. शाळेत परतण्याचे इथले नियम त्या वेळचे आहेत. म्हणजे बीड जिल्ह्यातल्या गेवराई तालुक्यातल्या खेड्यातली सहावीची मुलगी वर्गात बसत होती, पण औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) शहरात राहणारा तिचा सहावीतला मामेभाऊ अजून घरूनच शिकत होता. पहिली ते चौथीची मुले दोन्हीकडे घरीच होती. रुग्ण वाढले तर स्थानिक प्रशासन वर्ग पुन्हा थांबवू शकत होते. त्यामुळे रोज सकाळी शाळेचा निरोप पाहूनच मुलाला घराबाहेर काढावे लागे.

आधी एक गोष्ट पक्की समजून घ्या: तेव्हा हजेरीची सक्ती नव्हती. मूल आले नाही म्हणून त्याचे नाव पटावरून कमी करता येत नव्हते, आणि त्याला घरी अभ्यास पुरवण्याचे शाळेचे कामही सुटत नव्हते. मात्र ‘येणार नाही’ हेसुद्धा शाळेला कळवावे लागे. जे पालक काहीच कळवत नसत, त्यांची मुले वर्गाच्या यादीतही नसत आणि घरच्या अभ्यासाच्या यादीतही नसत. खरे नुकसान याच मुलांचे झाले.

संमतीपत्र

मुलाला वर्गात पाठवायला पालकांची लेखी संमती लागे. शाळेकडून नमुना मिळे. त्यात मुलाचे नाव, इयत्ता, पालकाचे नाव, चालू असलेला मोबाइल नंबर, मूल कशाने येणार (पायी, सायकल, एसटी, खासगी गाडी), घरात कुणाला ताप-खोकला नसल्याचा उल्लेख, तारीख आणि सही एवढे असे. स्टॅम्प पेपर किंवा नोटरीची गरज नव्हती. सही येत नसेल तर अंगठा द्यावा, शेजारी एका साक्षीदाराची सही घ्यावी.

अडायचे ते दोन ठिकाणी. पहिले, आई-वडील पुण्याला किंवा चाकणला कामाला आणि मूल आजीजवळ. मग मूल स्वतःच वडिलांची सही ठोकून कागद देई. असे करू नका. आजी-आजोबांनी पालक म्हणून सही करावी आणि वर्गशिक्षकांना आई-वडिलांशी फोनवर बोलायला लावावे. दुसरे, नंबर बंद पडलेला. रिचार्ज संपले की सिम बदलते आणि शाळेकडे जुनाच नंबर राहतो. मुलाला वर्गात ताप भरला तर शाळेने फोन करायचा कुठे? शेजाऱ्याचा किंवा चुलत्याचा दुसरा नंबर जरूर लिहा.

तेव्हा एका बाकावर एकच मूल बसे. पट चाळीसचा आणि खोलीत बाक वीस असतील तर वर्गाचे दोन गट पडत आणि ते एकाआड एक दिवस येत. दोन भावंडे शाळेत येणारी असतील तर दोघांना एकाच दिवसाचा गट मागता येई, मुख्याध्यापकांना ते करता येत होते. अंगणवाडी आणि खालचे वर्ग बंद असल्याने धाकट्याला सांभाळायला मोठ्या बहिणीला घरी ठेवले जाई, तिचा गट कुठलाही असो. यावर शासकीय कागदात उपाय नव्हता. घरच्यांनीच तिच्या शाळेच्या दिवशी दुसरी सोय लावायला हवी होती. पोरगी दीड वर्ष घरी बसलेली होती.

सप्टेंबर २०२१ अखेरच्या अतिवृष्टीत ज्या शाळांच्या खोल्या गळाल्या, तिथे वर्ग भरण्याआधी शाळा व्यवस्थापन समितीने छत आणि वायरिंग बघून घेणे गरजेचे होते. ओल्या भिंतीतल्या बटणाला हात लागणे साथीइतकेच धोक्याचे आहे.

एसटीचा पास

पाचवी ते बारावीच्या मुलींना गाव ते शाळा प्रवास अहिल्याबाई होळकर योजनेत मोफत आहे. मुलांना सवलतीचा मासिक पास मिळतो. २०२१ मध्ये त्यासाठी शाळेच्या सही-शिक्क्याचा अर्ज आणि फोटो घेऊन आगारात जावे लागे, जुना पास चालत नसे. पण सकाळची फेरीच बंद असेल तर पासाचा उपयोग काय? म्हणून मुख्याध्यापकांनी गावनिहाय विद्यार्थ्यांची संख्या आणि शाळेची वेळ लिहून आगारप्रमुखांना पत्र द्यावे, सोबत ग्रामपंचायतीचे पत्र जोडावे. नुसत्या तोंडी मागणीवर फेरी सुरू होत नाही.

घरचा अभ्यास

केंद्राच्या ‘प्रज्ञाता’ मार्गदर्शिकेनुसार पहिली ते आठवीसाठी दिवसाला ३० ते ४५ मिनिटांच्या दोनच तासिका ऑनलाइन घ्यायच्या होत्या, नववी ते बारावीसाठी जास्तीत जास्त चार. कुठली शाळा चौथीच्या मुलाला चार-चार तास स्क्रीनसमोर बसवत असेल तर हे दाखवता येई.

घरात एकच फोन आणि तोही वडिलांबरोबर शेतात जात असेल, तर ऑनलाइनचा हट्ट सोडा. ‘फोन नाही’ असे शाळेला लेखी कळवा आणि आठवड्याच्या कृतिपत्रिका कागदावर मागा. फोन संध्याकाळी मिळत असेल तर बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड दीक्षा ॲपवर स्कॅन करून नेट असताना धडा उतरवून ठेवता येतो, नंतर तो नेटशिवाय चालतो. सोडवलेल्या पानांवर तारीख घाला, कारण पुढे मूल्यमापनाला तीच वही पुरावा ठरते.

ऊसतोडीला जाणाऱ्यांसाठी

२०२१ मध्ये साखर कारखान्यांचा गाळप हंगाम १५ ऑक्टोबरपासून होता. बीड, जालना, परभणीतल्या ऊसतोड मजुरांच्या टोळ्या निघण्याआधी हातात थोडेच दिवस असतात, आणि मुकादमाची (टोळी नेणाऱ्या ठेकेदाराची) गाडी दारात आल्यावर कुणीही शाळेत जात नाही. म्हणून हे काम आधीच करा.

मूल गावी राहू शकत असेल तर हंगामी वसतिगृहाच्या यादीत नाव घाला. शाळा स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांची यादी करते आणि प्रस्ताव केंद्रप्रमुखांमार्फत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे जातो. मंजूर गावांत मूल नातेवाइकांकडे राहते आणि त्याच्या जेवणाची सोय होते. यादी उशिरा गेली तर मंजुरी येईपर्यंत अर्धा हंगाम सरतो.

मूल सोबत जाणार असेल तर मुख्याध्यापकांकडून शिक्षण हमी कार्ड घ्या. त्यावर नाव, जन्मतारीख, इयत्ता, सरल आयडी (राज्याच्या ‘सरल’ नोंदणीतला मुलाचा क्रमांक) आणि मुलाला कुठवर येते याची नोंद तपासून घ्या. शेवटची नोंद बऱ्याचदा कोरी राहते आणि मग नवीन शिक्षक पाचवीच्या मुलाला पहिलीची अक्षरे गिरवायला देतात. कार्ड दाखवून कारखान्याच्या तळाजवळच्या शाळेत बसता येते. दाखला नाही म्हणून कुणी परत पाठवले तर शिक्षण हक्क कायद्याचे कलम ५ सांगा: शाळा सोडल्याचा दाखला उशिरा मिळणे हे प्रवेश लांबवण्याचे किंवा नाकारण्याचे कारण होऊ शकत नाही. हा कायदा कर्नाटकातल्या कारखान्यांजवळच्या शाळांनाही लागू आहे, फक्त तिथे मराठी शाळा कुठे आहे ते मुकादमाला आधी विचारून ठेवा.

कार्ड कोपीत (तळावरच्या झोपडीत) भिजते, चुलीजवळ जळते. त्याचा फोटो आपल्या आणि गावातल्या एखाद्या नातेवाइकाच्या फोनमध्ये ठेवा. परत येताना तिथल्या शाळेकडून हजेरीचे दिवस कार्डावर लिहून शिक्का घ्या.