एक्झॉस्टचे तोंड मागे की वर?

अमेरिकेतल्या युटा राज्यात बॉनव्हिलच्या मिठाच्या मैदानावर वेगाचे विक्रम करायला उतरणाऱ्या गाड्या पाहिल्या, तर एक्झॉस्टचे पाइप नाना दिशांना निघालेले दिसतात. कुणाचे शेपटीतून सरळ मागे, कुणाचे बॉनेटच्या बाजूने वर, कुणाचे कुशीतून तिरके. बाहेर पडणारा वायू गाडीला उलट दिशेने ढकलतो, हे तत्त्व शाळेतलेच. हा धक्का पुढे पळायला वापरावा की मागची चाके जमिनीवर दाबायला, यावर मात्र वाद रंगतात. आकडे मांडले की वाद बराच निवळतो.

८०० अश्वशक्तीचे पेट्रोल इंजिन पूर्ण थ्रॉटलवर सेकंदाला साधारण ६०० ग्रॅम हवा आणि ५० ग्रॅम पेट्रोल खाते. म्हणजे सेकंदाला ६५० ग्रॅम तापलेला वायू बाहेर पडतो. १०० मिलिमीटर व्यासाचे दोन पाइप असतील तर त्याचा वेग सेकंदाला १४० मीटरच्या आसपास येतो. दोन्हींचा गुणाकार ९१ न्यूटन, म्हणजे जेमतेम ९ किलो वजनाएवढा जोर. ताशी ४३० किलोमीटरला उघड्या बांध्याच्या रोडस्टरला हवा चारशेहून अधिक किलोच्या जोराने अडवत असते. तिच्यापुढे ९ किलो म्हणजे दोन टक्के. वेगात फरक पडेल तो ताशी तीनेक किलोमीटरचा. विक्रम याहून कमी फरकानेही मोडतात, म्हणून हे ९ किलो सोडवत नाहीत.

आता तोच पाइप सरळ वर वळवला तर? चाकांवर ९ किलो भार वाढला, पण मिठावर टायरची पकड डांबरासारखी नसते. घर्षणाचा गुणांक ०.५ धरला, तर त्या ९ किलोंतून पुढे ढकलायला मिळतात साडेचार. तेही चाके जागच्या जागी घसरत असतील तरच. पकड पुरेशी असेल तर मिळतात शून्य. शिवाय मागच्या आसावर ९ किलो शिसे बोल्टने आवळले, तरी नेमका हाच परिणाम मिळतो. धाव काही मैलांची असल्याने इथे वजनाचा फारसा जाच नसतो, उलट अनेक गाड्या मुद्दाम शिसे वाहतात. मग एक्झॉस्टला शिशाच्या कामाला कशाला जुंपायचे?

मधला मार्ग आहे. चाके घसरत असतील तर सर्वांत फायद्याच्या कोनाचा टॅन्जंट घर्षणाच्या गुणांकाएवढा असतो. ०.५ साठी आडव्यापासून सुमारे २७ अंश वर. पण त्यातून ९ चे होतात १०. एक किलोच्या कमाईसाठी तिरका झोत बॉडीवरच्या वाहत्या हवेत खांबासारखा आडवा उभा राहतो आणि त्याच्यामागे हवा फाटते. हा सौदा बहुधा तोट्यातच जातो.

ड्रॅग रेसिंगच्या, म्हणजे छोट्या सरळ पट्ट्यावरच्या शर्यतींच्या, टॉप फ्युएल वर्गातल्या गाड्यांचे पाइप वर आणि मागे झुकलेले असतात, ते पाहून अनेकांची फसगत होते. तिथे इंधन नायट्रोमिथेन. पेट्रोलच्या एका भागाला हवेचे १४.७ भाग लागतात, नायट्रोमिथेनला अवघे १.७. त्यामुळे तेवढ्याच हवेत कितीतरी पट इंधन ओतता येते आणि झोताने गाडी खाली दाबणारा जोर शेकडो किलोंवर जातो. एका बाजूचा एखादा सिलिंडर बंद पडला तर गाडी एका बाजूला ओढली जाते, इतका तो झोत प्रबळ असतो.

झोत गाडीखाली सोडायची कल्पना त्याहून मोहक. फॉर्म्युला वनमध्ये २०१० आणि २०११ साली डिफ्यूझरच्या, म्हणजे बुडाच्या मागे वर चढत जाणाऱ्या भागाच्या, कडेला एक्झॉस्ट फुंकून मोठा डाउनफोर्स, म्हणजे गाडी खाली दाबणारा हवेचा जोर, मिळवला गेला. २०१२ च्या नियमांनी पाइपची तोंडे तिथून हलवली. मिठावर हे जोखमीचे, कारण ड्रायव्हर थ्रॉटल सोडतो तो सर्वाधिक वेगाच्या क्षणी. झोत विझतो, मागचा दाब जातो, आणि नेमकी तेव्हाच शेपूट हलकी होते. झोत थेट खाली रोखला तर गाडी उचलली जाते, मीठ उडते आणि मागचे टायर भाजतात, ते वेगळेच.

म्हणून शेपटीतून सरळ मागे. गाडीमागच्या कमी दाबाच्या पोकळीत वायू सोडला की ती थोडी भरते आणि गाडीला मागे खेचणारी हवेची ओढ घटते. मात्र झोत फार वेगवान असेल तर तो आजूबाजूची हवा खेचून दाब आणखी पाडतो, त्यामुळे पाइपचे तोंड बारीक करताना हात राखून करावा. तोंडापूर्वी दोन-तीन व्यासांएवढा सरळ भाग ठेवावा, नाहीतर वळणातून आलेला झोत वाकडाच निघतो. स्टेनलेस स्टीलचा एक मीटर पाइप ७०० अंशांनी तापला की सुमारे १२ मिलिमीटर लांबतो. दोन्ही टोके घट्ट वेल्ड केली तर तडा जाणारच, एक जोड सरकता हवा. सर्वांत आधी पाहायचे ते गाडी थांबवायचे पॅराशूट. त्याची पेटी आणि दोर शेपटीतच असतात. झोताने दोर भाजला, तर थांबायची वेळ येईपर्यंत कुणाला पत्ताही लागत नाही.

बदल करून लगेच निकाल शोधू नये. हवा ५ अंशांनी तापली की सुमारे १.७ टक्के विरळ होते. सकाळची धाव आणि दुपारची धाव यांच्यातला फरक पाइपमुळे पडला की उन्हामुळे, हे घड्याळ सांगत नाही.