डिक्शनरीतले ठिपके म्हणजे सिलॅबल नव्हेत
आपल्याला वर्षानुवर्षं सांगतात की इंग्रजी डिक्शनरीत शब्दामधले ठिपके मोजले की सिलॅबल, म्हणजे शब्दाचे उच्चारातले तुकडे, कळतात, पण मेरियम-वेबस्टर या अमेरिकन डिक्शनरीत तरी तसं नाहीये, ओळ संपली तर शब्द कुठे तोडून हायफन द्यायचा एवढंच ते ठिपके सांगतात. अबाउट बघा, सरळ दोन सिलॅबल, पण ठिपका नाही, कारण ओळीच्या शेवटी एकटा ए सोडत नाहीत. ॲबॅकसमधे तीन सिलॅबल आणि ठिपका एकच! म्हणून ठिपके मोजून मुलांचे मार्क कापू नका प्लीज, सिलॅबल मोजायला डिक्शनरीत शब्दापुढे दिलेला उच्चार बघा. शब्द तोडायची जागाही ठरलेली नसते, रेकॉर्ड नाम असेल तर सी नंतर तुटतं, क्रियापद असेल तर सी च्या आधी, आणि नॉलेज अमेरिकेत एल नंतर तोडतात, ब्रिटिश पद्धतीत डब्ल्यू नंतर.