थर्मोसायफन सौर जलतापक : औष्णिक कामगिरीचे प्रतिमान

तापलेले पाणी हलके होऊन वर चढते, एवढ्याच तत्त्वावर पंपाशिवाय चालणाऱ्या सौर जलतापकातून दिवसभरात किती पाणी किती अंशांपर्यंत तापेल, याचा गणिताने बांधलेला अंदाज. बोलण्यात या यंत्राला नुसते ‘सोलर’ म्हणतात. दक्षिणेकडे तोंड करून कललेला संग्राहक (पॅनेल), त्याच्या वर आडवी टाकी आणि दोघांना जोडणारे दोन पाइप, एवढाच त्याचा पसारा असतो. अमेरिकेत क्लॅरेन्स केम्प यांनी १८९१ मध्ये पेटंट घेतलेल्या जलतापकात टाकीच उन्हात तापत असे आणि रात्री तितक्याच सहजपणे निवत असे. १९०९ च्या सुमारास कॅलिफोर्नियात विल्यम बेली यांनी टाकी संग्राहकापासून वेगळी करून तिला उष्णतारोधक आवरण घातले. आजच्या सोलरची घडण तीच आहे.

संग्राहकाचा हिशेब हॉटेल–व्हिलियर–ब्लिस समीकरणाने मांडतात (यातले हॉटेल हे अभियंत्याचे आडनाव आहे). काचेतून आत आलेल्या आणि पत्र्याने शोषलेल्या उन्हातून हवेत निसटलेली उष्णता वजा केली की उरते ती पाण्याची कमाई. समजा, ऊन दर चौरस मीटरला ८०० वॉट आहे, त्यातला ०.७ हिस्सा पाण्यापर्यंत पोचतो आणि तापमानफरकाच्या दर अंशामागे ६ वॉट निसटतात. बाहेर २५ अंश असताना ४० अंशांचे पाणी आत शिरले, तर ५६० वजा ९० म्हणजे ४७० वॉट मिळतात. तेच पाणी ६५ अंशांचे असेल तर मिळकत ३२० वॉटवर येते. सकाळी झरझर चढणारे तापमान दुपारनंतर रेंगाळू लागते, त्याचे एक मोठे कारण हे.

खरी गुंतागुंत प्रवाहाची आहे. पंप असेल तर मिनिटाला किती लिटर पाणी फिरते ते आधीच ठाऊक असते. इथे मात्र प्रवाह तापमानावर अवलंबून आणि तापमान प्रवाहावर. ४० अंशांना पाण्याची घनता घनमीटरला सुमारे ९९२ किलोग्रॅम असते, ५० अंशांना ९८८. एक मीटर उंचीच्या स्तंभात या फरकाने मिळणारा दाब जेमतेम चार मिलिमीटर पाण्याइतका. एवढ्याशा जोरावर सगळे अभिसरण चालते, त्यामुळे पाइपातला एखादा जादा एल्बोही हिशेबात धरावा लागतो. गरम पाण्याचा पाइप वाटेत झोळ पडून खाली-वर गेला की उंच जागी हवा अडकते आणि कडक उन्हातही टाकी कोमटच राहते. संगणकावर म्हणून आधी प्रवाहाचा एक आकडा धरतात, त्यावरून तापमाने, तापमानांवरून घनता आणि दाब, व दाबावरून पुन्हा प्रवाह काढतात. धरलेला आणि निघालेला आकडा जुळेपर्यंत ही फेरी चालते. मग घड्याळ काही मिनिटे पुढे सरकवून पुन्हा तेच.

ऑस्ट्रेलियात डी. जे. क्लोज यांनी १९६२ मध्ये मांडलेले प्रतिमान बरेच सोपे होते : टाकी आणि संग्राहक यांचे सरासरी तापमान एकच मानायचे आणि दिवसा कुणी पाणी काढत नाही असे धरायचे. पुढच्या प्रतिमानांनी टाकीचे आडवे थर पाडले, कारण वर गरम आणि तळाशी गार पाणी वेगळे राहिले तरच संग्राहकाला गार पाणी मिळते. मॉरिसन आणि ब्रॉन यांना १९८५ मध्ये असे आढळले की दिवसभरात संग्राहकातून फिरणारे पाणी साधारण रोजच्या वापराइतकेच असेल तर कामगिरी सर्वांत चांगली होते. जोरात फिरणारे पाणी थर ढवळून टाकते. प्रवाह जितका जास्त तितके बरे, ही भाबडी समजूत त्यामुळे टिकत नाही.

प्रतिमान किती खरे उतरेल हे बरेचसे पाणी केव्हा काढले जाते यावर ठरते. आपल्याकडे आंघोळ सकाळची. म्हणजे काल दुपारी तापलेले पाणी रात्रभर टाकीत मुक्कामाला असते. १०० लिटरची टाकी ६० अंशांवर असेल, बाहेर १५ अंश असतील आणि टाकीतून दर अंशामागे १.५ वॉट गळत असतील, तर १४ तासांनी पाणी ५३ अंशांच्या आसपास उतरते. याखेरीज टाकीचा तळ संग्राहकाच्या माथ्यापेक्षा पुरेसा उंच नसेल, तर रात्री प्रवाह उलटा फिरून तेच पॅनेल टाकीला निववू लागते. साधारण ३० सेंटीमीटर अंतर ठेवण्याचा प्रघात त्यासाठीच आहे.

पाइपात थांबलेले पाणी हिशेबात धरायचे बरेचदा राहून जाते. गच्चीपासून न्हाणीघरापर्यंत १५ मिलिमीटर आतील व्यासाचा १५ मीटर पाइप असेल, तर त्यात अडीच लिटरांहून जास्त पाणी रात्रभर गार होऊन बसते. पहिले दोन-तीन तांबे गार येतात ते हेच. बोअरच्या जड पाण्याने नळ्यांच्या आत साचणारा क्षारही तसाच : नव्या संग्राहकावर मोजलेले गुणांक घेऊन चालणाऱ्या प्रतिमानात त्याचा मागमूस नसतो, आणि चार मिलिमीटरांच्या दाबाला नळीतली तेवढी अडचणही जड जाते.