पारा किती चढला आणि पारा किती आहे

आपल्याकडे ताप मोजतात फॅरनहाइटमध्ये आणि हवामानाची बातमी येते सेल्सिअसमध्ये. ‘पोराला शंभर ताप आहे’ आणि ‘अकोला ४३ वर’ ही दोन्ही वाक्यं एकाच घरात ऐकू येतात. या दोन मापांना जोडणारं सूत्र म्हणजे चक्क सरळ रेषेचं समीकरण आहे: फॅरनहाइट = १.८ × सेल्सिअस + ३२. ‘वाय = एमएक्स + सी’मधल्या एम आणि सीची ज्यांची गल्लत होते, त्यांना मी आधी हेच लिहून दाखवतो.

१.८ हा रेषेचा चढ, म्हणजेच एम. सेल्सिअस १ अंशाने वाढलं की फॅरनहाइट १.८ अंशांनी वाढतं, सुरुवात कुठूनही करा. ३२ हा सी, म्हणजेच वाय-इंटरसेप्ट: सेल्सिअस शून्य असताना रेषा उभ्या अक्षाला जिथे छेदते तो आकडा.

आता गल्लत बघा. २०१५ च्या पॅरिस करारात पृथ्वीची तापमानवाढ १.५ अंश सेल्सिअसपर्यंत रोखण्याचे प्रयत्न करायचं ठरलं. फॅरनहाइटमध्ये ही वाढ किती? आकडा थेट सूत्रात टाकला तर ३४.७ येतं. एवढी वाढ म्हणजे अनर्थच! बरोबर उत्तर २.७ आहे, कारण इथे तापमान विचारलेलं नाही, तापमानातला फरक विचारलाय.

तापाचंच घ्या. ३७ म्हणजे ९८.६ आणि ३९ म्हणजे १०२.२. वजाबाकी केली की ३.६ उरतात, म्हणजे १.८ × २. ते ३२ दोन्ही आकड्यांत होते, म्हणून वजाबाकीत उडाले. पारा ‘किती चढला’ हे एकटा चढ सांगतो. ‘किती आहे’ हे सांगायला इंटरसेप्टही लागतो.

केल्व्हिन या तिसऱ्या मापात चढ १ च आहे, सेल्सिअसमध्ये फक्त २७३.१५ मिळवायचे. म्हणून २ अंश सेल्सिअसची वाढ ही २ केल्व्हिनचीच वाढ.

परीक्षेत मात्र समीकरण असं मांडून मिळत नाही. २एक्स + ३वाय = ६ दिसलं की मुलं घाईने ‘चढ २’ लिहून मोकळी होतात. आधी वायला एकटा करा: वाय = −(२/३)एक्स + २. चढ आहे उणे दोन तृतीयांश, म्हणजे रेषा उतरती आहे. २ आहेच, पण तो इंटरसेप्ट आहे, आणि तो आलाय ६ ला ३ ने भागून. एक्सच्या शेजारच्या २ शी त्याचा काही संबंध नाही.