चिनी माणूस दिवा का ‘उघडतो’?

‘प्लीज ओपन द लाइट.’ चिनी विद्यार्थ्यांना इंग्रजी शिकवणाऱ्यांना या वाक्याचं आता नवल वाटत नाही. ‘टर्न ऑन’ पाठ असतं, परीक्षेत बरोबर लिहिलेलंही असतं. बोलण्याच्या ओघात मात्र ‘ओपन’ बाहेर पडतं, आणि पाठोपाठ ‘क्लोज द टीव्ही’. याला निष्काळजीपणा म्हणणं अन्यायाचं आहे. यामागे चिनी भाषेतलं एक भलतंच कर्तबगार क्रियापद आहे.

ते म्हणजे ‘खाइ’. (रोमन लिपीत ते ‘के’ अक्षराने लिहितात, पण उच्चार आपल्या ‘ख’च्या जवळचा. एवढा तरी फायदा मराठी माणसाला आहे!) मूळ अर्थ दार उघडणं. पारंपरिक चिन्हात चक्क दोन फळ्यांचं दार आहे, आत अडसर आणि तो काढणारे दोन हात. तैवानमध्ये आजही ते तसंच लिहितात. चीनने विसाव्या शतकात लिपी सोपी केली तेव्हा दार गेलं, अडसर आणि हात तेवढे राहिले.

शब्द मात्र दारापाशी थांबला नाही. दिवा लावायचा तर खाइ, गाडी चालवायची तर खाइ. फूल उमललं, पाणी उकळलं, डॉक्टरांनी औषध लिहून दिलं, कंपनी काढली, बैठक घेतली, कुणाची थट्टा केली, तरी खाइच. दिव्याच्या बटणाचं चिनी नावसुद्धा ‘खाइ-क्वान’, म्हणजे उघड-मीट. या भाषेत वाढलेल्याने दिवा उघडला तर त्याचं काय चुकलं?

आणि इंग्रजी तरी कुठे तर्काने चालते? ‘ओपन’ दाराला चालतं, डोळ्यांना चालतं, बँकेतल्या खात्याला आणि गोळीबारालाही चालतं. दिव्याला तेवढं नाही. तिथे ‘टर्न’, म्हणजे फिरवणं. नळाच्या किंवा गॅसबत्तीच्या कळीला ते शोभत होतं, आजच्या खटक्यात फिरवण्यासारखं काही नाही. ग्रीक लोकही दिवा उघडतातच. आपण तर ‘दिवा लाव’ म्हणतो तेव्हा तो सुरू करायचा असतो आणि ‘दार लाव’ म्हणतो तेव्हा ते बंद करायचं असतं. हे एखाद्या परक्याला समजावून पाहा.

पण इंग्रजी वर्षानुवर्षं वापरणाऱ्या माणसाच्या डोक्यातही चिनी शब्द जागा असतो का? याचा एक सुरेख पुरावा २००७ साली वेल्समधल्या बँगोर विद्यापीठातून आला. गियोम तिएरी आणि यान जिंग वू या संशोधकांनी इंग्रजी उत्तम येणाऱ्या चिनी लोकांना इंग्रजी शब्दांच्या जोड्या दाखवल्या. दोन शब्दांच्या अर्थांत संबंध आहे की नाही, एवढंच सांगायचं. काही जोड्यांत एक छुपी मेख होती. ‘ट्रेन’ आणि ‘हॅम’ घ्या. एक रेल्वे, दुसरं डुकराच्या मांडीचं खारवलेलं मांस, संबंध शून्य. पण चिनीत ट्रेन म्हणजे ‘हुओ-छ’, हुबेहूब आपली आगगाडी. आणि हॅम म्हणजे ‘हुओ-थ्वेइ’, आगीचा पाय. दोन्हींत ‘हुओ’ सामाईक.

डोक्याला लावलेले इलेक्ट्रोड मेंदूतली ‘एन-४००’ नावाची विद्युत लहर टिपत होते. शब्द दिसल्यावर साधारण ४०० मिलिसेकंदांनी ती उमटते, आणि शब्द अनपेक्षित असला की मोठी होते. मार्टा कुटास आणि स्टीव्हन हिलयार्ड यांनी १९८० साली ती प्रथम दाखवली, ‘गरम पावाला त्याने मोजे फासले’ या धर्तीच्या वाक्यांनी. बँगोरमध्ये ‘हुओ’सारखा सामाईक भाग असलेल्या जोड्यांना ही लहर लहान झाली, म्हणजे दुसरा शब्द मेंदूला तितका अनपेक्षित वाटला नाही. दिलेल्या उत्तरांत फरक नव्हता, आणि प्रयोगात चिनीचा काही संबंध आहे याची कुणाला कल्पनाही नव्हती. ज्यांना फक्त इंग्रजी येतं त्यांच्यात हा परिणाम दिसला नाही. म्हणजे समोर निव्वळ इंग्रजी असताना आत नकळत भाषांतर सुरू होतं.

अर्थाच्या बाबतीतही तेच. नान जियांग यांनी २००२ साली दाखवलं की ‘प्रॉब्लेम’ आणि ‘क्वेश्चन’ यांसारखे शब्द, ज्यांना चिनीत एकच प्रतिशब्द आहे, ते चिनी लोकांना मातृभाषा इंग्रजी असलेल्यांपेक्षा अधिक जवळचे वाटतात. इंग्रजी शब्द नवा शिकला, तरी त्याच्या आतला अर्थ पुष्कळ काळ जुनाच राहतो.

मग शिक्षकाने ‘खाइ म्हणजे ओपन नव्हे’ असं फळ्यावर लिहावं का? माझ्या मते त्याने नुकसानच होईल. नेदरलँड्समध्ये एरिक केलरमन यांनी १९७०च्या दशकात डच विद्यार्थ्यांना त्यांच्या ‘मोडणे’ या क्रियापदाचे कोणते अर्थ इंग्रजीत चालतील असं विचारलं. पाय मोडणं बहुतेकांना चालेलसं वाटलं. प्रतिकार मोडून काढणं मात्र अनेकांना खटकलं, प्रत्यक्षात इंग्रजीत ते अगदी बरोबर असताना. अतिसावध विद्यार्थी असा हक्काचा अर्थही सोडून देतो. चिनीत खातं ‘खाइ’च करतात आणि गोळीबारही ‘खाइ’च, तिथे ‘ओपन’ चपखल बसतं. त्यामुळे क्रियापद एकटं न शिकवता नामासकट शिकवलेलं बरं. दिव्याबरोबर टर्न ऑन, गाडीबरोबर ड्राइव्ह, बैठकीबरोबर होल्ड, आणि खात्याबरोबर बिनधास्त ओपन.