क्रेडिट, आयएसए, ग्रेड: हे सगळं आलं कुठून?

गोव्यात कॉलेजच्या पोरांना विचारा, आयएसए (सेमिस्टर चालू असतानाच्या अंतर्गत चाचण्या), सेमिस्टर एन्ड परीक्षा आणि क्रेडिट (तासांवरून ठरणारं विषयाचं वजन) याच्यापलीकडे गोष्टच नाही. पण क्रेडिटच्या मुळाशी जो तासांचा हिशेब आहे ना, तो शिकणं मोजायला आलाच नव्हता, तो आला प्राध्यापकांच्या पेन्शनमधून, खरंच.

1905 मध्ये अमेरिकेत अँड्र्यू कार्नेगीने प्राध्यापकांच्या पेन्शनसाठी 1 कोटी डॉलर काढून दिले, आता पैसे द्यायचे तर आधी कॉलेज म्हणायचं कोणाला हे ठरवायला हवं, मग ठरलं की जिथे अॅडमिशनला हायस्कूलची 14 युनिट लागतात ते कॉलेज, आणि एक युनिट म्हणजे वर्षभरात एका विषयाचे 120 तास. पोरगा त्या तासांत शिकला की डुलक्या काढल्या, युनिटला काय पडलंय! 1910 मध्ये कार्नेगीच्या याच पेन्शनवाल्या फाउंडेशनसाठी मॉरिस कूक नावाच्या इंजिनिअरने रिपोर्ट लिहिला, त्याने तर 'स्टुडंट अवर' धरून एका विद्यार्थ्याच्या एका तासाला खर्च किती ते काढलं. प्रॉडक्टिव्हिटीचं खूळ तेव्हापासूनचं.

आपल्याकडचं दुखणं वेगळं, परीक्षेचं. 1857 चं मुंबई विद्यापीठ लंडनच्या धर्तीवरचं, कॉलेजांनी शिकवायचं आणि विद्यापीठाने परीक्षा घ्यायची. गोवा मुक्तीनंतर 1962 मध्ये धेंपे आणि चौगुले कॉलेज सुरू झाली ती मुंबईलाच जोडलेली, गोवा विद्यापीठ आलं 1985 मध्ये. म्हणजे वीसेक वर्षं शिकवणारे पणजी-मडगावात आणि परीक्षेचा कारभार मुंबईचा. विद्यापीठ शिक्षणावर नेमलेल्या राधाकृष्णन आयोगाने तर 1949 मध्येच सांगून टाकलेलं की एकच सुधारणा सुचवायची तर परीक्षांची. ऐकतंय कोण!

पुढे 2015 मध्ये यूजीसीची चॉइस बेस्ड क्रेडिट सिस्टम आली, थिअरीचा आठवड्याला एक तास म्हणजे एक क्रेडिट, प्रॅक्टिकलचे मात्र दोन तास, त्यामुळे लॅबमध्ये उभं राहून पाय दुखले तरी क्रेडिट अर्धंच, हे मला कधी पटलं नाही. त्याच वर्षी एनआयआरएफ या कॉलेज-विद्यापीठांच्या सरकारी रँकिंगची घोषणा झाली, पहिली यादी आली 2016 मध्ये, त्यात पास किती झाले, नोकरी किती जणांना लागली, पगार किती, हेही धरतात. मग नवीन शैक्षणिक धोरण, आणि 2021 पासून क्रेडिटची बँक, एका कॉलेजात कमावलेलं क्रेडिट दुसरीकडे चालतं. सिलॅबसमध्ये आता 'कोर्स आउटकम' पण छापतात, विद्यार्थी अमुक विश्लेषण करू शकेल वगैरे, आणि पेपर उघडला की पहिला प्रश्न: टिपा लिहा, कोणत्याही दोन.