मॅटर छापायला देण्याआधी : जादा 'एस' आणि हरवलेला 'द'

(दांडिया बाजार, वडोदरा येथील आमच्या छपाई आणि डीटीपीच्या दुकानातून, ग्राहकांसाठी)

बिलबुक, लेटरहेड, फ्लेक्स, बायोडेटा, कोटेशन असं इंग्रजी मॅटर आमच्याकडे रोज येतं. आम्ही प्रूफ दाखवतो, तुम्ही सही करता, मग प्लेट निघते. चूक त्यानंतर सापडली तर कागद कुणाचा तरी वाया जातोच. एकदा एका ग्राहकाची हजार लेटरहेडं 'फर्निचर्स' अशी छापून झाली. प्रूफवर त्यांची सही होती, पण लक्ष आमचंही नव्हतं. नवा कागद आम्हीच घातला, आणि ते पाठकोरे कागद दुकानात वर्षभर हिशेबाला पुरले. हे पत्रक लिहायचं तेव्हाच ठरलं होतं.

'फर्निचर'ला एस लागत नाही. खुर्च्या मोजता येतात, टेबलं मोजता येतात, मग फर्निचर का नाही, असं ग्राहक विचारतात. आपल्या 'सामान' शब्दाकडे बघा. गाडीत चढताना आपण 'पाच सामानं' म्हणत नाही, 'सामानाचे पाच नग' म्हणतो. फर्निचर हा तसाच गठ्ठ्याचा शब्द. मोजायचंच असेल तर 'फाइव्ह पीसेस ऑफ फर्निचर'. इक्विपमेंट, मशिनरी, स्टेशनरी, लगेज, सॉफ्टवेअर ही सगळी त्याच घरातली मंडळी. कोटेशनमध्ये 'इक्विपमेंट्स' तर हमखास येतं. तिथे 'आयटम्स' किंवा 'मशिन्स' लिहा, हवे तेवढे मोजा.

म्हणजे वस्तू मोजता येते का, हा प्रश्नच चुकीचा. इंग्रजीतला तो शब्द मोजता येतो का, हे बघायचं. आणि इथे आपला मराठी कान दगा देतो. आपण म्हणतो पोहे झाले, तांदूळ संपले, केस पिकले, पैसे मिळाले. सगळं अनेकवचन. इंग्रजीत राइस, हेअर, मनी हे तिन्ही एकवचनी : 'द मनी इज रेडी', 'आर' नाही. आपल्याकडे बातमी एक, बातम्या चार. पण 'न्यूज'च्या शेवटी एस दिसत असूनही तो शब्द एकवचनीच, आणि 'ए न्यूज' होत नाही. सल्ला, पुरावा आपण मोजतो, ॲडव्हाइस आणि एव्हिडन्स मोजत नाहीत. माहितीच्या बाबतीत मात्र दोन्ही भाषांचं जमतं. 'माहित्या' कुणी म्हणत नाही, तसंच 'इन्फर्मेशन्स' म्हणू नका. उलटा प्रकार कात्री आणि चष्म्याचा : आपल्याकडे एक नग, इंग्रजीत सिझर्स आणि ग्लासेस, कायम अनेकवचनी.

काही शब्द दोन्हीकडे नांदतात आणि अर्थ बदलतात. 'आयर्न' म्हणजे लोखंड, 'ॲन आयर्न' म्हणजे इस्त्री. 'पेपर' म्हणजे आम्ही रिमावर आणतो तो कागद, 'ए पेपर' म्हणजे वर्तमानपत्र किंवा परीक्षेचा पेपर. डोक्यावरचे सगळे केस 'हेअर', पण सेवउसळीत सापडला तर 'ए हेअर'. बायोडेटा करणाऱ्यांनी 'एक्सपीरियन्स' जपून वापरावा. नोकरीतला अनुभव दहा वर्षांचा असला तरी तो एस न लावता. 'एक्सपीरियन्सेस' म्हणजे आयुष्यात आलेले बरेवाईट प्रसंग, ते मुलाखतीत विचारले तर सांगा.

आता उपपदं. 'ए' आणि 'ॲन' यांचं मूळ 'एक' या अर्थाच्या जुन्या इंग्रजी शब्दात आहे, म्हणून ती मोजता येणाऱ्या शब्दाच्या एकवचनालाच लागतात. दोघांपैकी कोणतं, हे स्पेलिंगवर नाही, उच्चारावर ठरतं. युनिव्हर्सिटीची सुरुवात 'यु' अशी होते म्हणून 'ए युनिव्हर्सिटी'. पण 'एम'चा उच्चार स्वराने सुरू होतो म्हणून 'ॲन एम. एस. युनिव्हर्सिटी स्टुडंट'. तसंच 'ॲन एम.कॉम.', पण 'ए बी.कॉम.'. 'अवर'मधला एच मुका, म्हणून 'ॲन अवर'. या 'ॲन'ने खुद्द इंग्रजांनाही फसवलं आहे. 'अंपायर' हा शब्द पूर्वी 'न'ने सुरू होत असे. आधीच्या 'ए'ने तो 'न' ओढून घेतला आणि 'ॲन अंपायर' झालं. क्रिकेटच्या या गावात एवढं ठाऊक असावं.

'द'ची गोष्ट सोपी, कारण लहानपणी ऐकलेली. एक होता राजा. राजाला दोन राण्या. पहिल्या वाक्यातला राजा 'ए किंग', दुसऱ्यातला 'द किंग', कारण आता तो ओळखीचा झाला. मराठीत दुसऱ्यांदा वेगळा शब्द लागत नाही, म्हणून 'द' आपल्या हातून गळतो. नोकरीच्या अर्जात 'द पोस्ट' लिहायचं, कारण जाहिरातीतली जागा दोघांनाही माहीत आहे. पण 'वी सेल शूज' या पाटीवर 'द' नको. घातला तर गिऱ्हाईक विचारील, कोणते?

नावांचं थोडं मनमानी आहे. नदीला लागतो, 'द विश्वामित्री'. तळ्याला नाही, नुसतं 'सूरसागर लेक'. शहराला नाही, 'वडोदरा' म्हणा की 'बरोडा'. आपल्या एम. एस. युनिव्हर्सिटीच्या अधिकृत नावात मात्र सुरुवातीलाच आहे : 'द महाराजा सयाजीराव युनिव्हर्सिटी ऑफ बरोडा'. बायोडेटात पूर्ण नाव देताना तो खाऊ नका.

पाट्यांवर आणि जाहिरातींत उपपदं गाळायची रीत आहे. 'शॉप फॉर रेंट' बरोबरच आहे, तिथे आम्ही काही घालणार नाही. दुकानाच्या नावापुढे हौसेने 'द' लावला असेल तर तोही मालकाचा प्रश्न.

ज्या शब्दाबद्दल शंका असेल त्याभोवती मॅटर देतानाच पेन्सिलीने गोल करा. तेवढे शब्द आम्ही प्रूफ काढण्याआधी तपासतो, त्याचे वेगळे पैसे नाहीत. प्लेट निघाल्यावर फोन केलात तर मात्र नव्या प्लेटचे पडतील.